दुखण्याचा रकाना

राजनंदिनी वाघमोडे माझ्या ऑफिसात आली तेव्हा मार्चची नऊ तारीख होती आणि मी एका किराणा दुकानदारावर खेकसत होतो. मार्चमध्ये मी सगळ्यांवरच खेकसतो. सोलापुरात सात रस्त्याजवळ तीस वर्षं लोकांची करविवरणपत्रं भरून देतोय. शिक्षक, दुकानदार, टॉवेलवाले, एक-दोन डॉक्टर. सगळ्यांचे प्रश्न तेच आणि सगळ्यांच्या पावत्या हरवलेल्या. अशात या मुलीनं आत पाऊल टाकताच विचारलं, "शहाजीकाका, मी चाळीस दिवस इंग्लंडात राहून पुण्याच्या कंपनीचं काम केलं, तर टॅक्स कुठं भरायचा?"

मी दुकानदाराला म्हटलं, "तुम्ही उद्या या."

तीस वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. दार लावून घेतलं, दोन चहा मागवले आणि कोरा कागद पुढ्यात ओढला.

राजनंदिनी आमच्याच वाडीची. माळशिरस तालुक्यातल्या माळावरची, जिथं बाभळीलाही विचार करून पानं फुटतात. तिचे वडील ज्ञानबा मेंढपाळ, वाडीचे तात्या आणि लेकींचे आबा. त्यांचं आणि आमचं घर पाठीला पाठ लावून, म्हणून मी काका. पोरगी वसतिगृहात राहून शिकली, सोलापुरात इंजिनिअर झाली आणि आता शहरातल्या जुळे सोलापूर भागात दोन खोल्या घेऊन राहते. पुण्यातली एक कंपनी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यातल्या चुका शोधायच्या, हे हिचं काम, आणि तेही घरबसल्या. घरबसल्या म्हणायचं आपलं, बसत ती कधीच नाही. लॅपटॉप फ्रिजवर ठेवते आणि उभ्यानं काम करते. दहा पिढ्या कळपामागं चाललेल्या, खुर्ची कशी मानवणार? चुका शोधण्यात मात्र तिचा हात कुणी धरू शकत नाही. माझ्या बिलातही तिनं एकदा दोन चुका काढल्या होत्या, त्या मी अजून विसरलेलो नाही.

तिची धाकटी बहीण पूनम उत्तर इंग्लंडात नर्स आहे. ती राहते त्या गावाच्या चारी बाजूंनी डोंगर आणि डोंगरभर मेंढ्या. एप्रिलमध्ये तिथं मेंढ्या वितात, एकेका शेतात शेकड्यांनी कोकरं. पूनमनं शेजारच्या मेंढपाळाला विचारलं होतं, आमचे वडील बघायला आले तर चालेल का? तो म्हणाला, बघायला कशाला, हात चालत असेल तर मदतीलाच येऊ दे. हे पूनमनं फोनवर सांगितलं आणि त्या दिवसापासून ज्ञानबा तात्यांचं वाडीत लक्ष लागेना. सहासष्टाव्या वर्षी माणूस वाडीतून उठून लेकीकडं जुळे सोलापुरात येऊन राहिला. नव्या पेठेतून पांढरे बूट घेतले आणि ते पायात मुरावेत म्हणून धोतर-फेट्यावर बूट घालून रोज सकाळी तीन-तीन किलोमीटर चालायला लागला. कॉलनीतली माणसं आधी हसली आणि मग पाच-सहा जण त्यांच्याबरोबर चालायला लागले.

दोघांचे पाहुणे म्हणून व्हिसा आले होते. अडचण एकच होती. तात्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, त्यांना एकट्याला पाठवणं शक्य नव्हतं. आणि राजनंदिनीची रजा उरली होती आठ दिवस. तिथून काम करायची परवानगी मिळाली तर चाळीस दिवस जाता येणार होतं. मिळाली नाही तर तात्यांचं जाणं रद्द. पुढच्या वर्षी बघू म्हणणं सोपं असतं, पण सहासष्टाला पुढच्या वर्षाची हमी कोण देतो?

कंपनीच्या एचआरमधली संघप्रिया, मूळची सोलापूरचीच, तिनं ईमेल पाठवली होती. पंचवीस मार्चच्या आत तीन गोष्टी लेखी द्या. कर कुठं लागणार, कंपनीवर तिथं काही जबाबदारी येणार का, आणि दोघांचा आरोग्यविमा. कंपनीचा विमा भारताबाहेर चालत नाही, हे ठळक अक्षरात. मी संघप्रियाला फोन लावला तर ती म्हणाली, "सर, नाही म्हणायची मला हौस नाही. पण मागच्या वर्षी एक जण न सांगता थायलंडला बसून महिनाभर काम करत होता, तिथं पडला आणि पाय मोडला. तेव्हापासून साहेबांनी कानाला खडा लावलाय."

मग मी कामाला लागलो. मी सीए नाही, साधा करसल्लागार. पण त्या आठवड्यात माझी अवस्था उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग अशी झाली होती. भारत आणि इंग्लंडमधला कराचा करार उतरवून घेतला, छापला, पिवळ्या पेनानं रंगवला. किराणा दुकानदार तीनदा येऊन गेला. राजनंदिनी रोज काम संपलं की यायची, उभ्या उभ्याच कागद वाचायची आणि एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारायची, "याचा अर्थ काय, काका?" मीही तेच आधी गूगलला विचारलेलं असायचं, पण चेहऱ्यावर दाखवायचो नाही.

एका संध्याकाळी तात्याही आले बूट वाजवत. मी लेकीला समजावत होतो ते ऐकत बसले आणि मध्येच म्हणाले, "किती दिस ऱ्हायाचं?"

"चाळीस."

"पगार कोन देतंय?"

"पुण्याची कंपनी, तात्या."

"त्या कंपनीचं तितं कायी हाय? दुकान, हापिस?"

"नाही."

"मंग तितं कसला कर? आमी कोकणात चार-चार म्हैनं मेंढरं बसवली. तितल्या ग्रामपंचायतीनं कदी पट्टी मागितली न्हाय. नाव गावात, घर गावात, पट्टी गावात. हां, वरीसभर तितंच बसलो असतो, न्हायतर तितल्याच मालकाची मेंढरं राखली असती, तर त्यास्नीबी म्हनायला जागा होती की."

मी पिवळं पेन खाली ठेवलं. करारात हेच तर होतं. तिथल्या करवर्षात एकशे त्र्याऐंशी दिवसांच्या वर राहायचं नाही, पगार देणारा तिथला नको, आणि पगाराचा खर्च कंपनीच्या तिथल्या कुठल्या ऑफिसानं उचललेला नको. हे तिन्ही जमलं तर कर फक्त आपल्या देशात. राजनंदिनी वर्षातले तीनशेवर दिवस सोलापुरात राहणार, म्हणजे ती निवासी इथलीच आणि पगारातून कर कापला जाणार तोही इथंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आठवडाभर मी डोळे फोडून घेत होतो आणि म्हातारा तीन प्रश्नांत मोकळा झाला. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. तात्या म्हणाले, "आरं, बूट तुडवू नगंस."

मी चार पानांचा खुलासा लिहिला. ती तिथल्या कुठल्याही ग्राहकाशी करार करणार नाही, भाव ठरवणार नाही, फक्त पुण्याच्या कामातल्या चुका शोधेल. म्हणजे कंपनीनं तिथं धंदा मांडला असं कुणी म्हणायला नको. जाण्याचं मुख्य कारण बहिणीची भेट, काम हे सोबतचं, आणि तसं केलेलं तिथल्या नियमात पाहुण्याला चालतं, हेही लिहिलं. पुण्याचे दहा म्हणजे तिकडचे पहाटेचे साडेपाच, म्हणजे दुपारी दोनला ती मोकळी आणि मग बापाबरोबर डोंगरावर. हे वाक्य संघप्रियाला नको होतं, पण मी ते राहू दिलं. कंपनीच्या सीएनं सगळं तपासून एक ओळ वाढवली आणि बरोबर म्हणून सही केली. त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेऊन गेलो.

राहिला विमा, आणि तिथंच माशी शिंकली.

पूनमनं आधीच बजावलं होतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात पाहुण्याला फुकट उपचार नाहीत. अडीअडचणीला तपासतात, पण भरती केलं की बिल लागतं आणि तेही खऱ्या खर्चाच्या दीडपट. म्हणून दोघांचा एकत्र प्रवासविमा काढायचा ठरलं. अर्ज राजनंदिनीनं भरला. मी सहज वरून नजर फिरवली तर तिच्या नावापुढं, आधीचा कुठला आजार, या रकान्यात तिनं लिहिलं होतं, नाही.

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. गेल्या जुलैत विवरणपत्र भरायला आली असताना ही मुलगी माझ्या बाकावर पोट धरून वाकडी झाली होती. मीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. मुतखडा. दिवाळीत पुन्हा तेच, दोन रात्री सलाईन. तात्यांना कळू द्यायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं, ते मी पाळलं होतं.

मी तिला फोन केला. "हे काय लिहिलंयस?"

ती म्हणाली, "काका, तुम्हाला आमच्या घरचं माहितीय की. वाट धरायची ठरली की दुखणं बोलायचं नाही."

माहीत होतं. वाडीत बाकी कुणी असलं पाळत नाही, पण वाघमोड्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कळप घेऊन निघायचा दिवस ठरला की परत येईपर्यंत कुणी आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं तर वाटेला ऐकू जातं म्हणे. राजनंदिनीच्या लहानपणी एका चुलत्यानं पोट बिघडलंय म्हटलं, तर आजीनं बांधलेलं सामान सोडायला लावलं आणि पंधरा दिवस सगळ्यांना थांबवलं होतं.

"अगं, पण ही विमा कंपनी आहे," मी म्हटलं. "तिथं खडा सरकला आणि भरती व्हावं लागलं, तर ते जुने कागद काढतील आणि म्हणतील, लपवलंत, आम्ही बांधील नाही. पोळपाट-लाटणं विकून बिल भरणार का?"

"मला कळतं काका. मी इंजिनिअर आहे. पण परवा विम्याचा डॉक्टर आम्हा दोघांना एकत्रच व्हिडिओवर प्रश्न विचारणार आहे. आबांसमोर मी बोलले तर ते उंबऱ्याबाहेर पाय टाकायचे नाहीत. सतरा वर्षांनी माणूस कुठंतरी निघालाय." मग हळू आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू का? गुपचूप लिहायचा प्रयत्न केला मी. हातच चालला नाही."

दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी पोर, आणि स्वतःची चूक समोर दिसत असून बोट हलेना. मला राग आला, आणि रागाच्या पोटात काळजी होती, म्हणून तो जास्त आला.

व्हिडिओ माझ्याच ऑफिसात झाला, कारण कागद माझ्याकडं होते. दुपारचे बारा. तात्या फेटा नीट बांधून, हात गुडघ्यावर ठेवून लॅपटॉपसमोर बसले. राजनंदिनी त्यांच्या मागं उभी. पडद्यावर एक तरुण डॉक्टर, मराठी बोलणारा, भला वाटला. नाव, वय, वजन विचारून झालं. मग म्हणाला, "मॅडम, आधीचा काही आजार? ऑपरेशन? दवाखान्यात भरती?"

"नाही," राजनंदिनी म्हणाली.

माझा हात आपोआप पुढं गेला. मी लॅपटॉपचा माइक आणि आवाज दोन्ही बंद केले आणि ओरडलो, "दोनदा मुतखडा झालाय हिला, तात्या! जुलैत आणि दिवाळीत. मीच दवाखान्यात घातली होती. आता ते लपवून ही तिकडं जाणार आणि तिथं लोळणार!"

बोलून गेलो आणि लगेच कळलं की काय केलं. दहा-बारा दिवसांची धावपळ, चार पानांचा खुलासा, सीएची सही, पांढरे बूट, सगळं मी एका वाक्यात पाण्यात घातलं होतं. राजनंदिनीनं माझ्याकडं असं बघितलं की मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. पडद्यावर डॉक्टर ओठ हलवत होता, ऐकू येतंय का म्हणून विचारत असावा.

तात्या लेकीकडं वळले. "लई दुखलं व्हतं?"

तिनं मान हलवली.

"मला का न्हाय बोललीस?"

"तवा पूनमनं इकडं या म्हनून लावलं व्हतं, आबा. जायाचं बोलनं चालू व्हतं. तुमी थांबला असता."

तात्या बोलले ते सावकाश, लेकीकडं न बघता. "तुजी आई तापानं गेली न्हाय, नंदे."

राजनंदिनीची आई केराबाई गेली तेव्हा ही अकरा वर्षांची होती, वसतिगृहात. आम्हा वाडीतल्यांनाही तापानं गेली असंच सांगितलं होतं.

"कोकणात उतरत व्हतो," तात्या म्हणाले. "घाटाच्या अलीकडं तिच्या पोटात दुकाय लागलं. चार दिस चालली. मागनं चालायची, पदर पोटाशी धरून. मेंढरू लंगडलं तर मला लांबनं कळतं. ही चार दिस मागं व्हती, मला कळलं न्हाय. न्हाय, कळलं व्हतं. इचारलं न्हाय. इचारलं तर ती बोलनार, अन् बोलली तर वाट नासनार. पाचव्या दिशी खाली बसली ती उठलीच न्हाय. डाक्टर म्हनला, अपेंडिक फुटलं, दोन दिस आदी आनायची की. साधं आपरेशन व्हतं म्हनला."

राजनंदिनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ऑफिसात खुर्चीवर बसली.

"त्याच्या म्होरं मी वाट धरली न्हाय. लोक म्हनले, म्हातारा झाला. तुमाला पोरींना काय सांगू? नेमानं मारली म्हनून सांगू का मीच मारली म्हनून?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, फेट्याचं टोक नीट केलं आणि मला म्हणाले, "शाजी, त्यो आवाज चालू कर."

मी केला. तात्या पडद्याजवळ सरकले. "डाक्टर, पोरीला मुतखडा झालाय, दोनदा. लिवून घ्या. अन् माजंबी लिवा. माजं गुडघं दुखत्यात. चढन लागली की दम लागतो. डाव्या कानानं कमी ऐकतो. चार सालापासनं पानी प्यालं की छातीत जळजळतं. येक दाढ हालतीया. पाठीला हितं येक गाठ हाय, दुकत न्हाय पन हाय. आन्..."

"बाबा, हळू, हळू," डॉक्टर म्हणाला. "मी लिहितोय."

सतरा वर्षांचं साठलेलं होतं, हळू कसं येणार? वीसेक मिनिटं ते सांगत होते. दाढ विम्यात बसत नाही असं डॉक्टर म्हणाला तरी त्यांनी ती लिहायलाच लावली. मधे एकदा राजनंदिनी हसली आणि हसता हसता रडायलाच लागली, आणि तात्या सांगायचं न थांबवता तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मीही खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो, कारण माझ्यानं बघवत नव्हतं.

पुढचे चार दिवस नुसती धांदल. राजनंदिनीची सोनोग्राफी झाली, बारका एक खडा निघाला, औषधानं विरघळेल म्हणाले. तात्यांचा दम लागतो म्हणून हृदयाची तपासणी झाली. रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. पाठीवरची गाठ चरबीची होती. विमा कंपनीनं हप्ता वाढवला आणि खडा-रक्तदाब दोन्ही धरून पॉलिसी दिली. तिच्यावर आजारांची यादी छापून आली होती, ती तात्यांनी माझ्याकडून दोनदा मराठीत वाचून घेतली. चोवीस तारखेला दुपारी संघप्रियाची मेल आली, परवानगी मंजूर. राजनंदिनीनं मला फोन केला आणि काही न बोलता नुसतीच ओरडली. मी किराणा दुकानदाराचं विवरणपत्र भरत होतो. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "आमचा म्हातारा चालला."

सात एप्रिलला सकाळी सोलापूर स्टेशनवर मुंबईच्या गाडीला त्यांना सोडायला वाडीतली बारा-तेरा माणसं आली होती. जुन्या सवयीनं सगळी चिडीचूप. निघणाऱ्यासमोर कुणी खोकतसुद्धा नव्हतं. तात्या पांढऱ्या बुटांवर सगळ्यांसमोरून एक चक्कर मारून आले आणि मोठ्यानं म्हणाले, "कुनाला काय दुकतंय का? आत्ताच बोला. मंग म्हनू नका बोलू दिलं न्हाय."

माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मग त्यांच्या थोरल्या वहिनी शिवबाई, पंच्याहत्तरीच्या, पुढं येऊन म्हणाल्या, "भावजी, माजी कंबर. दोन सालं झाली."

"दवाकान्यात जा. शाजी नेईल," तात्या म्हणाले. माझं नाव मला न विचारता लागलं. मग आणखी एकाचा खांदा निघाला, एकीचे डोळे निघाले, आणि मी सगळं मोबाईलमध्ये लिहून घेत राहिलो. गाडीची घोषणा झाली तसे तात्या लेकीकडं वळले. "अन् तुला गं?"

राजनंदिनीनं दोन्ही हातांनी बॅग धरली होती. "काय दुकत न्हाय आबा," ती म्हणाली. "पन इमानाचं लई भ्या वाटतंय."

"मलाबी," ज्ञानबा तात्या म्हणाले, आणि तिचा हात धरून डब्यात चढले.